माध्यम : केस, आकडे आणि काळी जाळी

कलादालनात एखाद्या वस्तूखाली ‘मिश्र माध्यम’ असं कार्ड दिसलं की सुजाण प्रेक्षक मान तिरकी करतो आणि बाकीचे पुढच्या दालनाकडे सटकतात. त्या दोन शब्दांचा व्यवहारातला अर्थ असा, की शिल्पकारानं हाताला लागेल ते वापरलेलं आहे, तेव्हा फार खोलात शिरू नये. तार, लोकर, राळ, चिंध्या, गंजके खिळे, कुणाच्या तरी आजीच्या बांगड्या. अशा शिल्पकारांना भुरळ घालणारा एक विषय म्हणजे बायकांच्या केशरचना. एकेका दशकाची एकेक तऱ्हा घ्यायची, तिच्यातलं डोकं वगळायचं आणि उरलेला आकार तारेत नाहीतर धाग्यात उभा करायचा. बघणारे म्हणतात, ‘वा, काय कल्पना आहे!’ कल्पना चांगलीच आहे, माझा वाद श्रेयाशी आहे. केशरचनेवरून मिश्र माध्यमातलं शिल्प करणं म्हणजे वेरूळच्या कैलास लेण्याची शाडूत प्रतिकृती करणं. प्रतिकृती सुबक होईल, पण मूळ काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं आहे. बाईच्या डोक्यावर जे उभं राहतं तेच मुळात शिल्प आहे, तेही अस्सल मिश्र माध्यमातलं. ते शिल्प म्हणून मोजलं जात नाही, याची जी कारणं दिली जातात ती एकेक करून तपासली तर त्यांतलं एकही धड उभं राहत नाही.

आधी माध्यमाचा हिशेब करू. जुन्या वळणाचा, नऊवारीवरचा अंबाडा घ्या. केस मागे ओढून आगवळानं करकचून बांधायचे. शेपटा बारीक असेल तर त्यात गंगावन मिसळायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी केस, किंवा हल्ली सरळ नायलॉन. मग पीळ देत देत वेटोळं घालायचं, टोक आत खुपसायचं आणि आकडे लावायला घ्यायचे. हा भाग जवळून बघण्यासारखा असतो. चार-पाच आकडे ओठांत धरलेले, त्यातला एकेक काढून दातानं त्याचे पाय फाकवायचे, वेटोळ्याच्या कडेनं तो आत सरकवायचा, आणि हे सगळं चालू असताना ओठांच्या उरलेल्या फटीतून घरादाराला सूचना देणं काही थांबवायचं नाही. त्यावर काळी जाळी. जाळीवर अबोलीची नाहीतर शेवंतीची वेणी. सणावाराला मूद, राखडी, केवडा, अग्रफूल. खरं सोनं लॉकरमध्ये असेल तर ‘एक ग्रॅम’वालं. आता हे सगळं कार्डावर उतरवून पाहा: मानवी केस, नायलॉन, सुती दोरा, लोखंड, ताजी फुलं, सोन्याचा मुलामा. कुठल्याही आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात हे कार्ड मान ताठ ठेवून लावता येईल. फरक एवढाच, की तिथे असं साहित्य जमवायला शिष्यवृत्ती मिळते.

त्यातही मुख्य माध्यमाचे गुण पाहावेत. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि निरोगी केस एकेकटा शंभर ग्रॅमच्या आसपास वजन पेलतो. शिवाय हे माध्यम महिन्याला सेंटिमीटरभर आपोआप वाढतं. संगमरवराला ही सोय नाही, त्यामुळे बिघडलेला पुतळा बिघडलेलाच राहतो आणि चौकात उभा राहून पिढ्यान्‌पिढ्यांना छळतो. बिघडलेला हेअरकट चार-सहा महिन्यांत आपला आपण सावरतो. कच्च्या मालाची बाजारपेठही भक्कम आहे. तिरुपतीला भक्तांनी उतरवलेल्या केसांचा देवस्थान रीतसर लिलाव करतं आणि ते केस टोप होऊन जगभर जातात. आपल्या गावांतून केसांच्या बदल्यात भांडी देणारे फेरीवाले फिरतात, म्हणजे फणीत अडकलेल्या गुंतवळालासुद्धा भाव आहे. चित्रकाराच्या ब्रशाला चिकटून राहिलेल्या रंगाबद्दल अजून कुणी पातेलं देऊ केलेलं ऐकिवात नाही.

पण खरा चमत्कार माध्यमात नाही, कामाच्या जागेत आहे. अंबाडा घालणाऱ्या बाईला आपलं शिल्प दिसत नाही. ते तिच्या मानेमागे, तिच्याच बोटांखाली, तिच्या नजरेच्या पूर्ण बाहेर तयार होतं. दोन आरसे समोरासमोर धरायची युक्ती आहे, पण त्यात डाव्या-उजव्याचा असा गोंधळ होतो की हात भलतीकडेच जातो. म्हणून सरावलेले हात आरशाच्या भानगडीत पडत नाहीत. सिस्टीन चॅपेलचं छत रंगवताना मायकेलअँजेलोची मान अवघडली, याचं कौतुक पाचशे वर्षं चाललेलं आहे. त्याला निदान आपलं काम समोर दिसत होतं. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन, केवळ स्पर्शावर, दोन्ही बाजूंचा तोल साधत, दूध उतू जायच्या आत काम उरकणारा एकही पुरुष शिल्पकार कलेच्या इतिहासात नोंदलेला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे कौशल्य झालं, कला नव्हे. हा भेद तसा अलीकडचा आहे. वात्स्यायनानं कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी दिली आहे. तीत सुतारकाम आहे, वास्तुविद्या आहे आणि त्याच पंगतीत डोक्यावर फुलांचे शेखर नि आपीड बांधण्याची कलाही आहे. त्या काळी तिघी शेजारी-शेजारी बसत होत्या. पुढे वास्तुविद्येची महाविद्यालयं निघाली, सुतारकामाला आयटीआय मिळाला, आणि डोक्यावरची कला गल्लीतल्या पार्लरच्या पडद्याआड गेली, जिथे तिच्या शेजारी भुवया कोरण्याचा दरफलक लावलेला असतो. गुणवत्तेत काही फरक पडला म्हणून हे झालं नाही. कामाची जागा बदलली की कलेचं कसब होतं आणि दालनाचं भाडं वाढलं की कसबाची कला होते, एवढंच.

शिल्प म्हटलं की भव्यता आली, असं म्हणणाऱ्यांसाठी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं पॅरिस हजर आहे. मारी अँत्वानेतच्या दरबारात केसांचे जे मनोरे उभारले जात त्यांत तारेचा सांगाडा, जाळीदार कापड, घोड्याचे केस, चरबीचं पोमेड आणि वरून पांढरी भुकटी असा सगळा सरंजाम असे. लेओनार नावाचा केशरचनाकार या कामी राणीच्या खास मर्जीतला. हे मनोरे नुसते शोभेचे नसत, त्यांवर ताज्या बातम्या असत. १७७४ मध्ये सोळाव्या लुईनं देवी टोचून घेतल्या, तर बायकांनी डोक्यावर साप, गदा, उगवता सूर्य आणि ऑलिव्हचं झाड असा देखावा केला. आपण लस घेतल्याचं प्रमाणपत्र मोबाइलमध्ये ठेवलं, त्यांनी डोक्यावर मिरवलं. १७७८ मध्ये ‘बेल पूल’ या फ्रेंच युद्धनौकेनं इंग्रजांशी झुंज दिली, तेव्हा शिडांसकट अख्खं जहाज केसांच्या लाटांवर तरंगू लागलं. अशा बायकांना घोडागाडीत सीटवर बसता येत नसे, गुडघे टेकून प्रवास करावा लागे, अशी वर्णनं आहेत. स्वतःच्या मानेवर युद्धस्मारक तोलून धरत, खड्ड्यांच्या रस्त्यानं, गुडघ्यांवर! गेटवे ऑफ इंडियाला इतका त्रास कधी सोसावा लागलेला नाही.

१९६० हे साल मराठी माणसाला वेगळ्या कारणानं पाठ असतं. १ मेला महाराष्ट्र राज्य झालं. पण केसांच्या इतिहासातही ते साल मोठं आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला शिकागोतल्या मार्गारेट व्हिन्सी हेल्ट या केशरचनाकार बाईंनी, एका व्यावसायिक मासिकानं नवीन काहीतरी करून द्या म्हटलं म्हणून, ‘बीहाइव्ह’ जन्माला घातला: डोक्यावर मधाचं उभं पोळं. आकार सुचला तो त्यांच्याकडच्या एका छोट्या काळ्या मखमली टोपीवरून. या पोळ्याची रचना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवावी इतकी उलटी आहे. जगातले सगळे कंगवे गुंता सोडवायला बनले. बॅककोंबिंगमध्ये कंगवा टोकाकडून मुळांकडे ढकलून मुद्दाम गुंता करायचा असतो. केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात, आत नमद्यासारखी गादी तयार होते, आणि तिच्यावर वरचे चार गुळगुळीत केस पांघरले की इमारत तयार. बाहेरून बघणाऱ्याला आतल्या बांधकामाचा पत्ता लागत नाही, हे तर पुष्कळ बिल्डरांनाही साधलेलं आहे. त्यावर स्प्रे. हा स्प्रेचा डबा मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी डास मारायला तयार झाला होता. युद्ध संपल्यावर तो केसांकडे वळला. म्हणजे पोळं बांधायचं ते कीटकनाशकाच्या डब्यातून! रात्री डोकं कापडात गुंडाळून झोपायचं आणि आठवडाभर त्याला धक्का लागू द्यायचा नाही. गळ्याच्या खाली नवऱ्यानं काय करावं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, गळ्याच्या वर मात्र त्याला हात लावू देऊ नका, अशा अर्थाची ताकीद हेल्टबाई गिऱ्हाइकांना देत. संग्रहालयात ‘कृपया स्पर्श करू नये’ अशी पाटी असते, ती हीच. आणि ज्या पुतळीच्या डोक्यावर त्यांनी पहिलं पोळं रचलं, ते डोकं शिकागोच्या इतिहास संग्रहालयात पोचलं, म्हणजे निदान एका संग्रहालयाला तरी माझं म्हणणं पटलेलं आहे.

शिकागोत केस वर चालले होते, त्याच वर्षी मुंबईत ते खाली येत होते. ‘लव्ह इन सिमला’त साधनाचं कपाळ पडद्यावर फार रुंद दिसतं, असं दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना वाटलं आणि ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढचे केस कापून कपाळावर सोडण्यात आले. ‘साधना कट’ गावोगाव गेला. मुलींनी कपाळ झाकलं आणि आयांनी कपाळाला हात लावला. पुढे १९६७ मध्ये ‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’मध्ये शर्मिला टागोरच्या डोक्यावर फुगा उंचावला आणि आपल्याकडे त्या फुग्याच्या आत काय काय भरलं गेलं याची यादी सभ्य मासिकात देण्यासारखी नाही. त्यानंतरची दशकं भराभर सांगता येतात. सत्तरच्या दशकात केस मोकळे झाले, ऐंशीच्या दशकात पर्म करून त्यांची शेवयांची खीर झाली, नव्वदच्या दशकानंतर त्यांना इस्त्री मिळाली. आताचा ‘मेसी बन’ तर कळसच आहे: आरशासमोर अर्धा तास घालवून, व्हिडिओ थांबवत थांबवत, आपण आत्ताच झोपेतून उठलो आहोत असं दिसायचं. यावर हसणारे विसरतात, की आधुनिक चित्रकलाही याच रस्त्यानं गेली. आधी हुबेहूब काढायला शिकायचं आणि मग तीस वर्षं खपून लहान मुलानं काढल्यासारखं काढायचं. प्रत्येक दशक आधीच्या दशकाला वेड्यात काढतं, याला केसांच्या बाबतीत फॅशन म्हणतात आणि चित्रांच्या बाबतीत चळवळ.

पर्मची कथा थोडी थांबून सांगायला हवी, कारण कलेसाठी कोणी काय सोसलं याचे दाखले देताना तिचं नाव कुणी घेत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल नेसलर या जर्मन केशरचनाकारानं लंडनमध्ये केसांना कायमच्या लाटा आणायचे प्रयोग केले. सुरुवातीच्या मिश्रणात गोमूत्र होतं असं सांगतात. आपल्याकडच्या काही मंडळींना हे ऐकून आनंद होईल. केस पितळी रुळांना गुंडाळायचे, रसायन लावायचं आणि तासन्‌तास तापवायचे. प्रयोगाचं डोकं बायकोचं होतं. पहिल्या दोन खेपांना कॅथरिनाबाईंचे केस जळाले आणि टाळूही भाजली. तरी त्या तिसऱ्यांदा बसल्या. शिल्पकार घणाचा घाव घालतो तेव्हा दगड ओरडत नाही, म्हणून दगडाच्या सहनशीलतेवर कविता होतात. इथे दगडाला नाव होतं, टाळू होती आणि शिवाय संध्याकाळी याच शिल्पकारासोबत जेवायचं होतं. शोधाचं पेटंट अर्थातच नेसलरच्या नावावर.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. संध्याकाळी सुटतं ते शिल्प कसलं? हा आक्षेप महाराष्ट्रात कुणी घेऊ नये. दीड दिवसाच्या गणपतीची मूर्ती दीड दिवसानं पाण्यात जाते, म्हणून ‘तुमची कला टिकत नाही हो’ असं मूर्तिकाराला सांगायला पेणला कुणी जात नाही. रांगोळी तर पहिल्याच पाहुण्याच्या चपलेखाली संपते. बीहाइव्ह निदान आठवडा काढत असे. शिवाय माध्यम म्हणून केस काही लेचेपेचे नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या थीब्जचा एक टोप आहे, माणसाच्या केसांचा, मेण आणि राळ लावून बसवलेला, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्यानंतर आलेली साम्राज्यं गेली, टोपातल्या बटा आहेत. आणि जे टिकत नाही त्याच्यासाठी कॅमेरा आहे. नायजेरियातले छायाचित्रकार जे. डी. ओखाय ओजेकेरे यांनी १९६८ पासून तिथल्या बायकांच्या केशरचनांची छायाचित्रं काढायला घेतली ती हजाराच्या घरात गेली. लग्नात, कचेरीत, रस्त्यात, जिथे भेटेल तिथे. दोऱ्यानं आवळून उभे केलेले केसांचे खांब, कमानी, मनोरे. देश नुकता स्वतंत्र झालेला, नव्या उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांची उंची डोक्यांवरही दिसत होती. ओजेकेरेंनी बहुतेक छायाचित्रं पाठीमागून काढली, म्हणजे बाईचा चेहरा न दाखवता. सुंदर बाईच्या चित्राला कुणीही दाद देतं. त्यांना दाद हवी होती ती कामाला. २०१३ मध्ये ही छायाचित्रं व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात लागली, तेव्हा जगातल्या जाणकारांनी मान तिरकी केली.

तिसरा आक्षेप नकलेचा: एकीनं केलं की सगळ्या करतात, यात सर्जन कुठे आलं? साधनानं हेपबर्नची नक्कल केली आणि गावानं साधनाची, हे खरं आहे. पण नकलेमुळे शिल्प बाद होत असेल तर युरोपातली निम्मी संग्रहालयं उद्या सकाळी रिकामी करावी लागतील, कारण तिथले कितीतरी ‘ग्रीक’ पुतळे ग्रीक मूळकृतींच्या रोमन नकला आहेत. रोममध्ये केसांचंही तेच होतं. सम्राज्ञीनं कपाळावर कुरळ्या बटांची कमान उभारली की प्रांतोप्रांतीच्या सरदारणी तशीच कमान उभारून अर्धपुतळा करून घेत. ज्युवेनालसारख्या कवीनं या मजल्यांवर मजले चढवणाऱ्या डोक्यांची टिंगल केली: समोरून उंच दिसणारी बाई मागून भलतीच बुटकी निघते. काही रोमन अर्धपुतळ्यांचे केस तर वेगळ्या दगडात कोरून टोपासारखे बसवलेले आहेत. फॅशन पालटली की चेहरा तोच ठेवून केस बदलता यावेत, असा त्यामागचा एक तर्क. दगडी गंगावनच म्हणायचं. मिश्र माध्यमाचा शोध विसाव्या शतकात लागला असं मानणाऱ्यांनी हे पुतळे बघावेत.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटचा आहे. तो असा की हा सगळा वेळेचा अपव्यय आहे, बायकांवर लादलेला आहे आणि त्याला कला म्हणणं म्हणजे बेडीला दागिना म्हणणं. यातलं लादलेपण मला मान्य आहे. पण मग राजांच्या लहरीखातर, मजुरांच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या कुठल्या भव्य शिल्पाला आपण सोडलं? आणि केस क्षुल्लक असते तर सत्तेनं त्यांची इतकी धास्ती घेतली नसती. दुसऱ्या महायुद्धात व्हेरॉनिका लेक या नटीची एका डोळ्यावर पडणारी बट इतकी लोकप्रिय झाली, की कारखान्यात कामाला लागलेल्या बायकांचे मोकळे केस यंत्रात अडकतील म्हणून अमेरिकन सरकारनं तिलाच केस बांधायची गळ घातली. सरकारला एका बटेशी वाटाघाटी कराव्या लागल्या! आपल्याकडचं उदाहरण विनोदाचं नाही. नवरा गेला की बाईचं केशवपन करायचं, हा दंड होता, आणि तो बरोबर तिथेच मारलेला होता जिथे तिच्या हातचं काहीतरी उभं राहत असे. तिचे दागिने काढले, रंगीत लुगडं काढलं, तरी समाजाचं समाधान झालं नाही. बोटांनी घडवायचं माध्यमच काढून घेतल्यावर झालं. त्याविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. प्रबंध आणि पुस्तिका निघत होत्याच, पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवणं ही गोष्ट निराळी. केसांचं मोल काय हे त्या सभेतल्या माणसांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग आजच्या शिल्पकारांनी करायचं काय? विषय सोडावा असं मी मुळीच म्हणत नाही. काहींनी तो फार प्रामाणिकपणे हाताळला आहे. अमेरिकेतल्या सोन्या क्लार्क यांनी २००८ मध्ये मॅडम सी. जे. वॉकर यांचं भलंमोठं व्यक्तिचित्र केलं. कृष्णवर्णीय बायकांसाठी केसांची तेलं-मलमं विकून श्रीमंत झालेली ही बाई क्लार्कनी रंगात नाही, खिशात ठेवायच्या काळ्या कंगव्यांत उभी केली: ३,८४० कंगवे, त्यांचे हवे तिथले दात काढून टाकलेले. दात पडलेल्या कंगव्याचा इतका मोठा सन्मान दुसरीकडे झालेला नाही. त्याहून मला पटलेलं त्यांचं काम ‘हेअर क्राफ्ट प्रोजेक्ट’. त्यात त्यांनी रिचमंड शहरातल्या केशरचनाकारांपुढे एकीकडे स्वतःचं डोकं ठेवलं आणि दुसरीकडे कॅनव्हास व धागा, म्हटलं दोन्हींवर काम करा. २०१४ मध्ये त्याला आर्टप्राइझ स्पर्धेचं मोठं पारितोषिक विभागून मिळालं, आणि भिंतीवर त्या केशरचनाकारांची नावं होती. आयव्हरी कोस्टची लेतिशिया की तर मधला माणूसच काढून टाकते. स्वतःच्याच केसांत तार आणि दोरा गुंफून ती हात, झाडं, माणसं उभी करते. या तिन्ही कामांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे मूळ कारागीर कोण हे लपवलेलं नाही. उरलेल्यांचं काय करायचं ते प्रेक्षकांनी ठरवावं. तारेचा अंबाडा बघून ‘अप्रतिम’ म्हणताना खऱ्या अंबाड्याला आपण आयुष्यात कधी ‘बरा दिसतोय’ एवढं तरी म्हटलं होतं का, हे आठवून पाहायला हरकत नाही.

आणि या कारागिरांना काय कळतं हे कळण्यासाठी बाल्टिमोरची गोष्ट पुरे. तिथल्या वॉल्टर्स संग्रहालयात ज्युलिया डॉम्ना या रोमन सम्राज्ञीचा अर्धपुतळा आहे. जॅनेट स्टीव्हन्स या पेशानं केशरचनाकार असलेल्या बाईंनी तो २००१ मध्ये पाहिला. पुतळा भिंतीला टेकवलेला नव्हता, त्यामुळे त्यांना मागची बाजू दिसली. विद्वान मंडळींचा समज असा की रोमन बायका हे मनोरे पिनांवर तोलत, किंवा हे सगळे टोपच असणार. स्टीव्हन्सबाईंनी घरी तसं करून पाहिलं. पिनांवर ते थांबेना. मग त्यांनी सुई-दोरा घेतला आणि केस शिवले. उभं राहिलं. २००८ मध्ये रोमन पुरातत्त्वाच्या मान्यवर नियतकालिकात त्यांचा लेख आला. पिढ्यान्‌पिढ्या पुतळे सगळेच बघत होते. बोटांनी फक्त त्यांनी पाहिलं.

आपल्याकडेही असं वाचण्याजोगं पुष्कळ आहे. पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं. तिथे १९३८ मध्ये जेमतेम वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अभ्यासक तिचं नातं आपल्या तेर आणि भोकरदन इथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी जोडतात. समोरून बघणाऱ्याला तिचे दागिनेच दागिने दिसतात. वेणीचं काम पाठीवर आहे, आणि कुणा कारागिरानं ते मन लावून कोरलेलं आहे. तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळच्या भाजक्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत, त्यांच्याही डोक्यांवर बघण्यासारखं खूप आहे. तेव्हा संग्रहालयांच्या व्यवस्थापकांना एक विनंती: या बायकांना भिंतीपासून दोन हात पुढे आणा, किंवा निदान मागे एक आरसा लावा. आणि त्यांच्या पाठीशी उभं राहून बघायला पुराणवस्तूंच्या तज्ज्ञांबरोबर एकदा गावातल्या पार्लरवाल्या ताईंनाही बोलवा. प्रवासखर्च आणि मानधन दोघांनाही सारखंच द्या.